३१० गुणांवर जॉर्जियाला एमबीबीएससाठी पाठवावं का?

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. पुतणीच्या प्रवेशाबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

नीट २०२५ मध्ये तिला ७२० पैकी ३१० गुण आहेत. दुसरा प्रयत्न होता. बारावीला पीसीबी ७८ टक्के, प्रवर्ग ओबीसी, नॉन-क्रीमीलेयर दाखला आहे. भावाचं उत्पन्न वर्षाला ७ लाखांच्या आत (शेती आणि कृषी सेवा केंद्र). एका एजंटने जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीतल्या खासगी विद्यापीठाचा प्रस्ताव दिला आहे. सहा वर्षांचं 'पॅकेज' ३६ लाख, त्यात ट्यूशन फी वर्षाला ५,५०० डॉलर, बाकी हॉस्टेल-मेस. माहितीपत्रकावर 'एनएमसी मान्यताप्राप्त' आणि 'डब्ल्यूएचओ मान्यताप्राप्त' असे दोन शिक्के आहेत. फेब्रुवारीच्या बॅचसाठी या आठवड्यात ५० हजार भरले नाहीत तर जागा जाईल म्हणतो.

भावाकडे रोख १२ लाख आहेत. उरलेल्या पैशांसाठी जमीन तारण ठेवून कर्ज काढावं लागेल.

विचारायचं असं:
१. हे शिक्के कितपत खरे?
२. ३६ लाखांत खरंच होतं का?
३. परत आल्यावरची परीक्षा किती अवघड असते?
४. की तिसऱ्यांदा नीट द्यावी?

पोरीची डॉक्टर व्हायची इच्छा पक्की आहे, त्यात घरात कुणाला शंका नाही.

---

शिक्कामोर्तब:

दादा, आधी ५० हजार थांबवा. नीट पात्रतेचा निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो. २०२५ मध्ये राखीव प्रवर्गाची पात्रता ११३ गुणांना होती, म्हणजे तुमची पुतणी आरामात पात्र आहे आणि हाच निकाल ती पुढच्या वर्षीही वापरू शकते. जॉर्जियात सप्टेंबर-ऑक्टोबरलाही बॅच असते. घाईचं कारण तुमच्या बाजूला काहीच नाही.

आता शिक्के. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग (एनएमसी) कोणत्याही परदेशी विद्यापीठाला मान्यता देत नाही आणि 'मान्य' विद्यापीठांची यादीही काढत नाही. 'एनएमसी मान्यताप्राप्त' ही ओळच चुकीची आहे. डब्ल्यूएचओसुद्धा वैद्यकीय महाविद्यालयांना मान्यता देत नाही. वर्ल्ड डिरेक्टरी ऑफ मेडिकल स्कूल्स नावाची जागतिक सूची आहे, तिच्यात नाव असणं ही किमान गरज समजा. नाव असलं म्हणून भारतात नोंदणी होईलच असं नाही. आयोग अधूनमधून इशारे मात्र देतो. २०२५ मध्ये बेलीझमधल्या तीन संस्था आणि उझबेकिस्तानातली एक शाखा यांच्याबद्दल असा इशारा निघाला होता. आयोगाचं आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाचं, दोन्ही संकेतस्थळं पाहा.

मान्यतेची यादी नाही, तर मग काय आहे? १८ नोव्हेंबर २०२१ ची परदेशी वैद्यकीय पदवीधर परवाना नियमावली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला ती लागू आहे आणि तिच्यातल्या अटी पूर्ण झाल्या की नाही हे पदवी घेऊन आल्यावर, कागद पाहून तपासलं जातं. सगळा धोका इथे आहे. सहा वर्षं संपल्यावर कुणीतरी फाईल उघडतं आणि एखादी अट अपुरी निघते.

अटी या:

अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्याशिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत हवी. माध्यम इंग्रजी. सगळं शिक्षण, प्रात्यक्षिक आणि इंटर्नशिप एकाच संस्थेत आणि भारताबाहेर. त्या देशात डॉक्टरी करण्याचा परवाना तिथल्या नागरिकाला ज्या अटींवर मिळतो त्याच अटींवर मिळण्याजोगी पदवी हवी आणि तिथल्या परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे नोंदणी हवी. मग भारतातली परीक्षा. आणि त्यावर भारतात पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप.

बहुतेक एजंट पहिल्या दोन-तीन अटी सांगतात. अडतं ते इंटर्नशिप आणि परवाना या दोन ठिकाणी.

जॉर्जियाचा कोर्स सहा वर्षांचा, म्हणजे ७२ महिने. ५४ आणि १२ मिळून ६६, तेव्हा आकडा बसतो. पण सहावं वर्ष 'इंटर्नशिप' म्हणून गुणपत्रकावर आणि वेगळ्या प्रमाणपत्रावर, तारखा आणि विभागवार आठवड्यांसकट आलं पाहिजे. नुसतं 'क्लिनिकल प्रॅक्टिस' असं लिहिलेलं असलं की इथे प्रश्न उभा राहतो. परवान्याचं त्याहून नाजूक आहे. जॉर्जियात सहा वर्षांच्या पदवीवर स्वतंत्र प्रॅक्टिस करता येत नाही. नवा पदवीधर कनिष्ठ डॉक्टर म्हणून वरिष्ठांच्या हाताखाली काम करतो आणि स्वतंत्र परवान्यासाठी रेसिडेन्सी (रुग्णालयातलं पदवीनंतरचं प्रशिक्षण) आणि शासकीय प्रमाणन परीक्षा लागते. त्यामुळे 'आमच्या भारतीय पदवीधरांना नोंदणीचा नेमका कोणता कागद मिळतो' हे विद्यापीठाकडून लेखी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रशियाची अडचण वेगळ्या तऱ्हेची आहे. तिथे पदवीनंतरची स्वतंत्र इंटर्नशिप काही वर्षांपूर्वी बंदच झाली, आणि काम करायचं तर प्राथमिक मान्यता परीक्षा रशियन भाषेत द्यावी लागते. काही विद्यापीठांत पहिली तीन वर्षं इंग्रजी आणि पुढे रशियन असा मामला असतो, तो तर माध्यमाच्या अटीतच अडकतो. फिलिपिन्सचा एमडी (तिथली मूळ डॉक्टरी पदवी) मुळात चार वर्षांचा, म्हणजे ४८ महिने, आणि त्याआधीचा बीएस (विज्ञानाची पदवी) आयोग एमबीबीएसच्या काळात धरत नाही.

---

ताळेबंद:

पैशांचं मी मांडतो. डॉलर ९० रुपये धरला आहे.

ट्यूशन फी ५,५०० × ६ = ३३,००० डॉलर, म्हणजे २९ लाख ७० हजार. राहणं-जेवण-फोन-प्रवास महिन्याला ३०० डॉलर धरा (तिबिलिसीत हे काटकसरीचं आहे), सहा वर्षांचे २१,६०० डॉलर, म्हणजे १९ लाख ४४ हजार. वर्षातून एकदा घरी येणं-जाणं ५० हजार, एकूण ३ लाख. निवास परवाना आणि विमा वर्षाला २५ हजार धरले तर दीड लाख. सुरुवातीला एकदाच लागणारे अपॉस्टिल (कागद परदेशात चालावेत म्हणून होणारं सरकारी साक्षांकन), भाषांतर, व्हिसा, एजंटचं शुल्क, थंडीचे कपडे मिळून दीड लाख. परत आल्यावर परीक्षेचा क्लास आणि शहरात राहणं, २ लाख.

बेरीज ५७ लाख १४ हजार. ३६ लाखांत होतं म्हणणाऱ्याने बहुधा डॉलरचा जुना भाव धरला आहे, जेवण धरलेलं नाही आणि परतीनंतरचा काळ तर हिशेबात घेतलेलाच नाही. त्याला पॅकेजचा वर्षवार तक्ता मागा, प्रत्येक रक्कम डॉलरमध्ये. बहुतेक वेळा तो तक्ता येतच नाही.

शिवाय रुपया. २०२१ मध्ये डॉलर ७४ च्या आसपास होता, २०२५ च्या अखेरीस ९० च्या आसपास. पुढे दरवर्षी ४ टक्के घसरण धरली तर डॉलरमधल्या खर्चावर सहा वर्षांत आणखी ५ लाखांहून जास्त चढतात. म्हणून ६२ लाखांची तयारी असेल तरच 'परवडतं' म्हणावं.

आता कर्ज, कारण जमीन जाणार आहे ती इथे. समजा दरवर्षी साडेसात लाख असे सहा हप्त्यांत ४५ लाख उचलले, व्याज साडेदहा टक्के. शिक्षण कर्जात साधारणपणे कोर्स अधिक एक वर्ष एवढी परतफेडीला सवलत असते, म्हणजे सात वर्षं. तेवढ्या काळात नुसतं सरळव्याज २१ लाखांच्या पुढे जातं. परतफेड सुरू होते तेव्हा अंगावर ६६ लाख असतात आणि पंधरा वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता ७३ हजारांच्या घरात येतो.

त्यात कालावधीचा मेळ बसत नाही. सहा वर्षं कोर्स, मग परीक्षा, मग नोंदणी, मग इंटर्नशिपची जागा मिळण्याची वाट, मग १२ महिने. सगळं पहिल्या फटक्यात जमलं तरी साडेसात वर्षं होतात, आठ धरलेली बरी. हप्ता मात्र सातव्या वर्षाच्या शेवटी सुरू होतो. म्हणजे ती अजून स्टायपेंडवर असतानाच ७३ हजारांचा हप्ता भावाच्या दारात येणार. परीक्षेला दोन प्रयत्न जास्त लागले तर वर्षभर स्टायपेंडही नाही. बँकेत बसून हे विचारा: भारतातली इंटर्नशिप सवलतीच्या काळात धरता का, आणि धरत असाल तर मंजुरीपत्रात लिहून देता का. सवलतीच्या काळात व्याज दर महिन्याला भरत गेलात तर वरचे २१ लाख डोक्यावर साचत नाहीत. दुकानाच्या उत्पन्नातून निदान पहिल्या दोन-तीन वर्षांचं व्याज भरता येईल का ते पाहा.

तीन छोट्या गोष्टी. फी एजंटच्या खात्यात कधीच नको, बँकेतून थेट विद्यापीठाच्या खात्यात. आर्थिक वर्षात १० लाखांपेक्षा जास्त रक्कम स्वतःच्या पैशातून पाठवली तर वरच्या रकमेवर बँक टीसीएस (आगाऊ गोळा केला जाणारा कर) कापते, कर्जातून पाठवलेल्या फीवर कापत नाही. कापलेला टीसीएस रिटर्न भरताना वळता करून मिळतो. आणि राज्य सरकारची राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, एमबीबीएससाठी नाही. ती मिळवून देतो असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडचं बाकीचं बोलणंही तपासून घ्या.

---

एकोणीस_विषय:

परीक्षेबद्दल लिहितो. सध्या ती एफएमजीई, म्हणजे परदेशातून पदवी घेऊन आलेल्यांची चाळणी परीक्षा. ३०० प्रश्न, ३०० गुण, उत्तीर्ण व्हायला १५०, चुकीला गुण कापत नाहीत. वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्राची. प्रयत्नांना मर्यादा नाही. जून २०२४ ला सुमारे २१ टक्के उत्तीर्ण झाले, डिसेंबर २०२४ ला सुमारे २९ टक्के, जून २०२५ ला साडेअठरा टक्क्यांच्या आसपास. नेक्स्ट नावाची परीक्षा तिची जागा घेणार हे २०१९ च्या कायद्यात आहे, पण ती पुढे ढकलली गेली आहे. तुमच्या पुतणीची पाळी येईल तेव्हा नेक्स्ट असण्याची शक्यता धरून चाला, आणि ती इथल्या एमबीबीएसच्या मुलांनाही तीच असेल.

५० टक्के गुण मागणारी परीक्षा इतक्या जणांना का जात नाही, हे गुणांची वाटणी पाहिली की कळतं. मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग व प्रसूती ३०, सामाजिक वैद्यकशास्त्र ३०, बालरोग, नेत्र आणि कान-नाक-घसा प्रत्येकी १५, शिवाय मानसोपचार, त्वचा, अस्थिरोग, भूल, रेडिओलॉजी, रेडिओथेरपी प्रत्येकी ५. हे क्लिनिकल २०० झाले. उरलेले १०० शरीररचनाशास्त्रापासून न्यायवैद्यकापर्यंतच्या विषयांना.

यातले सामाजिक वैद्यकशास्त्राचे ३० बघा. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रक, क्षयरोग कार्यक्रम, आशा आणि उपकेंद्रांची रचना, माता-बाल आरोग्याच्या योजना. यातलं काहीही तिबिलिसीत किंवा रशियातल्या कझानमध्ये शिकवत नाहीत, शिकवायचं कारणही नाही. न्यायवैद्यकाच्या १० गुणांत भारतीय कायदा येतो, तोही २०२४ पासून नव्या संहितांचा. मलेरिया, डेंग्यू, सर्पदंश, कुपोषण हे रुग्ण तिथल्या वॉर्डात क्वचित दिसतात. म्हणजे गुणांचा मोठा हिस्सा विद्यार्थ्याने स्वतःहून, भारतीय पाठ्यपुस्तकांतून उभा करायचा असतो, आणि तो शेवटच्या सहा महिन्यांत होत नाही.

दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं: भाषा. वर्ग इंग्रजीत भरतो, रुग्ण जॉर्जियन बोलतो. चौथ्या वर्षी मूल खाटेपाशी उभं राहतं आणि त्याला 'कधीपासून दुखतंय, जेवणाआधी की नंतर' एवढंही विचारता येत नाही. शिक्षक दोन वाक्यांत भाषांतर करून पुढे जातात. क्लिनिकलचे बरेचसे गुण रुग्णाच्या बोलण्यातून निदानाकडे जाण्याचे असतात, आणि तो सरावच होत नाही. ज्यांनी पहिल्या दोन वर्षांत तिथली भाषा मनापासून शिकून घेतली, त्यांचा पाया पक्का होतो. तुमची पुतणी जाणार असेल तर तिला आतापासून जॉर्जियन लिपी शिकायला लावा. चेष्टेवारी सांगत नाही, पहिल्या सत्राआधी ३३ अक्षरं वाचता आली पाहिजेत.

अभ्यासाचा क्रम असा ठेवावा. पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया विद्यापीठाच्या बरोबरीने भारतीय पुस्तकांतून. तिसऱ्या वर्षापासून पॅथॉलॉजी आणि फार्माकॉलॉजीचे प्रश्न रोज सोडवायचे, कारण मेडिसिनचे बरेच प्रश्न या दोन विषयांवर उभे असतात. चौथ्या-पाचव्या वर्षी सामाजिक वैद्यकशास्त्र. सहाव्या वर्षी पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा. उन्हाळ्यात घरी आली की जवळच्या रुग्णालयात परवानगी घेऊन निरीक्षणाला बसावं. ते इंटर्नशिप म्हणून धरलं जात नाही, पण इथले रुग्ण आणि इथली औषधं डोळ्यांखालून जातात.

एजंटला 'तुमच्या विद्यापीठाचा निकाल किती' विचारलं की तो तीन-चार उत्तीर्णांचे फोटो दाखवतो. संस्थानिहाय आकडे ही परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय परीक्षा मंडळाने वेळोवेळी प्रसिद्ध केलेले आहेत. त्यांत तुमच्या विद्यापीठाची ओळ शोधा आणि बसले किती, पास किती, दोन्ही पाहा. पंधरा जण बसून सहा पास झालेल्या ठिकाणाचे ४० टक्के आणि हजार बसून तीनशे पास झालेल्या ठिकाणाचे ३० टक्के सारखे वाचू नयेत.

---

गोदाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. हप्त्याचा हिशेब भावाला वाचून दाखवला. ५० हजार भरणार नाही हे नक्की झालं.

दोन शंका. एजंट म्हणतो, 'आधी जॉर्जियात घाला, नाही आवडलं तर तिसऱ्या वर्षी दुसऱ्या देशात बदली करून देतो.' हे चालतं का? आणि बांगलादेश किंवा नेपाळ बरं पडेल का? तिथले रुग्ण आपल्यासारखेच असतील असं वाटतं.

---

शिक्कामोर्तब:

बदली चालत नाही. 'सगळा कोर्स एकाच संस्थेत' ही अट आहे. युक्रेनच्या युद्धात अडकलेल्या मुलांसाठी आयोगाने २०२२ मध्ये खास सूट दिली होती, तो अपवाद परिस्थितीमुळे होता. ज्याचा धंदाच 'बदली करून देतो' यावर चालतो, तो तुमच्या मुलीची पदवी दोन देशांत तोडून ठेवेल.

बांगलादेशाचा कोर्स पाच वर्षांचा आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप त्याच रुग्णालयात. विषयांची रचना, पुस्तकं आणि रोग आपल्याकडच्यासारखे, त्यामुळे नियमावलीत तो सरळ बसतो. फी जास्त असते आणि मोठा हिस्सा प्रवेशाच्या वेळीच एकरकमी मागतात. तिथल्या वैद्यकीय शिक्षण संचालनालयाकडून दहावी-बारावीची समकक्षता घ्यावी लागते आणि बारावीनंतर किती वर्षं गेली याचीही अट असते. तुमच्या पुतणीचा गॅप आधीच पडला आहे, तेव्हा तेच पहिलं विचारा. नेपाळला नीटबरोबरच त्यांच्या वैद्यकीय शिक्षण आयोगाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि तिथला खर्च तुमच्या आवाक्यापलीकडे जाईल.

सुरक्षिततेचाही विचार करा. २०२२ ला युक्रेन, मे २०२४ मध्ये किर्गिझस्तानातल्या बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर जमाव चालून गेला, जुलै २०२४ ला ढाक्यातून मुलं परतली, जून २०२५ ला इराणमधून आणावी लागली. कुठे काय होईल सांगता येत नाही, पण खंड पडून ऑनलाइन शिकलेला काळ इथे भरून काढावा लागतो, हे लक्षात ठेवा.

विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला पुतणीच्या स्वतःच्या ईमेलवरून हे विचारा आणि उत्तर विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावरूनच आलं पाहिजे:

एकूण अभ्यासक्रम किती महिन्यांचा, त्यात इंटर्नशिपचे १२ महिने वेगळे दाखवता का, प्रमाणपत्राचा नमुना पाठवा. इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात, ते विद्यापीठाचं स्वतःचं की कराराचं, खाटा किती. एका खाटेपाशी एका वेळी किती विद्यार्थी. सहाही वर्षं इंग्रजी माध्यम असल्याचं पत्र मिळेल का. पदवीनंतर तुमच्या देशाच्या नागरिकाला काम करायला कोणती नोंदणी लागते आणि तीच भारतीय पदवीधराला मिळते का. फी सहा वर्षं स्थिर का, आणि पहिल्या सत्रानंतर सोडल्यास परतावा किती.

आठ-दहा दिवसांत मुद्देसूद उत्तर न देणारं विद्यापीठ सहा वर्षांनंतर कागदपत्रांसाठी धावून येईल असं मला वाटत नाही.

कागदांची एक खास आपली अडचण. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. परदेशी विद्यापीठ पासपोर्टवरून नाव त्यांच्या लिपीत घेतं आणि मग पुन्हा इंग्रजीत आणतं, त्यात एखादं अक्षर हमखास बदलतं. नीटचा अर्ज, पासपोर्ट, बारावीची गुणपत्रिका यांतलं स्पेलिंग निघण्याआधी एकसारखं करून घ्या, लागल्यास राजपत्रात दुरुस्ती करून. आणि सहा वर्षांतले सगळे पासपोर्ट, मुदत संपलेलेसुद्धा, जपा. इथे महाराष्ट्र वैद्यकीय परिषद येण्याजाण्याचे शिक्के मोजते, प्रत्यक्ष हजर होती की नाही ते पाहायला.

परतल्यावर क्रम असा: पदवीवर अपॉस्टिल किंवा तिथल्या भारतीय दूतावासाचं साक्षांकन, परीक्षा उत्तीर्ण, महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची तात्पुरती नोंदणी, १२ महिने इंटर्नशिप, मग कायम नोंदणी. इंटर्नशिपसाठी महाविद्यालयाच्या मान्य जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच परदेशी पदवीधर घेता येतात. १०० जागांच्या महाविद्यालयात सात, म्हणून वाट पाहावी लागते. या इंटर्नशिपसाठी शुल्क घेऊ नये असं आयोगाचं परिपत्रक आहे, कुणी मागितलं तर ते दाखवा.

---

रानजाई:

चौथ्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही, आणि या मुलीच्या बाबतीत माझ्या मते तोच मोठा आहे.

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय वाचा. ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश सीईटी सेलच्या (राज्याचा प्रवेश कक्ष) केंद्रीभूत फेरीतून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयंही त्यात आहेत. संस्थात्मक कोटा आणि अभिमत विद्यापीठं नाहीत. तुमची पुतणी ओबीसी आहे, मुलगी आहे, उत्पन्न ७ लाखांच्या आत आहे. ज्या जागेची फी इतरांना वर्षाला ७ ते १४ लाख पडते, ती तिला हॉस्टेल, मेस आणि किरकोळ शुल्कात पडेल. मुलगा असता किंवा उत्पन्न ९ लाख असतं तर मी हे लिहिलं नसतं.

३१० वर राज्य कोट्यातून एमबीबीएस मिळणार नाही. सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या फेऱ्यांच्या याद्या आहेत. खासगी महाविद्यालयांच्या शेवटच्या फेरीत ओबीसी प्रवर्गात सर्वांत खालचा गुण कुठे थांबला ते काढा आणि फरक लिहून ठेवा. मग तिची विषयवार गुणपत्रिका घ्या. जीवशास्त्र ३६० पैकी, रसायन आणि भौतिक १८०-१८० पैकी. जीवशास्त्रात २६० च्या खाली असेल तर एनसीईआरटीचं वाचनच कच्चं आहे आणि तिथे शंभर गुण मिळवणं खरोखर शक्य असतं. जीवशास्त्र ३०० च्या आसपास आहे आणि भौतिक जवळजवळ शून्य, असं असेल तर वाढ अवघड आहे. दोन वर्षं तीच पद्धत वापरून गुण हलले नसतील तर तिसऱ्या वर्षी त्याच क्लासला पुन्हा पैसे भरण्यात अर्थ नाही. पद्धत बदला: चुकलेल्या प्रश्नांची वही, आठवड्याला एक पूर्ण १८० प्रश्नांची परीक्षा, भौतिकातले निवडक दहा-बारा धडे पक्के.

मेपर्यंतचा वेळ तिच्याकडे आहे आणि २०२५ ची पात्रता हातची जात नाही. परीक्षेनंतर पुरेसे गुण आले नाहीत तरी सप्टेंबरच्या बॅचचा रस्ता उघडा आहे, तोपर्यंत विद्यापीठाची पत्रंही आलेली असतील.

तिच्याशी एक बोलणं मात्र आत्ताच करा. डॉक्टर व्हायचंय म्हणजे नेमकं काय करायचंय? रुग्णांबरोबर काम करायचं असेल तर बीएएमएस, फिजिओथेरपी, बीएस्सी नर्सिंग हे मार्ग आहेत, आणि शासन निर्णयाची सवलत त्यांतल्या पात्र जागांनाही लागू होते. एमबीबीएसच हवं असं तिने विचार करून सांगितलं तर ते मान्य करा. पण ७३ हजारांचा तो हप्ता तिलाही दाखवा. ती सज्ञान आहे आणि जमीन तिच्याही घराची आहे.

---

ताळेबंद:

रानजाईंच्या मुद्द्याला जोडून. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर यांची मुदत प्रवेशफेरीच्या काळात चालू असायला हवी. तहसीलची गर्दी जूनमध्ये असते, म्हणून अर्ज एप्रिलमध्येच टाका. आणि जमिनीचा सातबारा, फेरफार, बोजा नसल्याचा दाखला आत्ता काढून बँकेत नुसती पात्रता विचारून ठेवायला हरकत नाही. गहाणखत मात्र विद्यापीठाचं लेखी उत्तर हातात आल्यानंतर.